तुलना कोणाची कोणाशी?

कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांचा प्रश्न एका समाजवादी साप्ताहिकाने कशासाठी हाती घ्यावा, असे काही साथी विचारतील. माणसालाच औषध मिळत नाही अशा देशात ही चैन कशाला, असाही त्यांचा सूर असेल. आक्षेप समजण्यासारखा आहे, पण तो अपुऱ्या निरीक्षणावर उभा आहे. कुत्रे केवळ बंगल्यातच असते, हा समज वस्तीत न फिरणाऱ्यांचा आहे. चाळीत मांजर असते, झोपडपट्टीच्या तोंडाशी सर्वांनी मिळून पोसलेला मोती असतो, आणि धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा तर घरातील कर्त्या माणसाइतके काम करतो. ही जनावरे आजारी पडतात तेव्हा त्यांचे धनी दवाखान्याच्या दारात उभे राहतात, आणि तेथे त्यांची गाठ पडते ती बाजाराशी. जेथे गरजवंत आणि बाजार समोरासमोर येतात, तेथील प्रश्न आपला नाही असे म्हणण्याची मुभा समाजवाद्याला नाही.

या धन्याला आज एकच उपदेश ऐकू येतो : आसपासच्या चार दवाखान्यांची तुलना करा, दर विचारा, आणि परवडेल तो निवडा. ग्राहक चळवळीतील आपले काही मित्रही हाच सल्ला प्रामाणिकपणे देतात. सल्ला वरकरणी निर्दोष आहे. परंतु तुलना करावयाची तर तीन गोष्टी हाताशी हव्यात. दर आधी कळला पाहिजे, दवाखान्याचा मालक कोण हे माहीत पाहिजे, आणि निवड करण्याएवढी उसंत पाहिजे. रात्री अकरा वाजता उंदराचे विष खाल्लेले कुत्रे मांडीवर घेऊन रिक्षात बसलेल्या माणसापाशी यांपैकी काय असते? तो जे दार उघडे दिसेल तेथे शिरतो आणि जो आकडा सांगितला जाईल तो मान्य करतो. सौदा तेथे नसतोच. असते ती अगतिकता, आणि अगतिकतेलाच निवडीचे स्वातंत्र्य म्हणणे ही भांडवलशाहीची जुनी खोड आहे.

हे केवळ तर्काने सांगतो आहोत असे नाही. याच प्रश्नाची कसून सरकारी चौकशी ब्रिटनमध्ये झाली आहे. ती करणारी संस्थाही कोणी समाजवादी नव्हे. बाजारात स्पर्धा टिकावी एवढ्याचसाठी नेमलेले ते स्पर्धा व बाजार प्राधिकरण आहे. त्याने सप्टेंबर २०२३ मध्ये विचारणा सुरू केली, तेव्हा सुमारे ५६ हजार उत्तरे आली. त्यांतून निघालेले चित्र प्रत्येक कार्यकर्त्याने नीट पाहावे असे आहे.

२०१३ साली ब्रिटनमधील सुमारे १० टक्के पशुवैद्यकीय दवाखाने मोठ्या समूहांच्या मालकीचे होते. दहा वर्षांत हे प्रमाण जवळजवळ ६० टक्क्यांवर गेले. सहा बड्या समूहांनी गावोगावचे दवाखाने विकत घेतले, आणि पुष्कळ ठिकाणी दारावरची जुनी पाटी मात्र तशीच ठेवली. निवृत्त झालेल्या डॉक्टराचे नाव पाहून माणूस विश्वासाने आत जातो. गल्ला मात्र भलत्याच घरी भरतो. २०१६ ते २०२३ या काळात दर ६३ टक्क्यांनी वाढले. समूहांच्या दवाखान्यांचे दर स्वतंत्र दवाखान्यांपेक्षा सरासरी १६.६ टक्क्यांनी अधिक आढळले. आणि ८० टक्क्यांहून अधिक दवाखान्यांच्या संकेतस्थळांवर साध्या सेवांचेही दर दिलेले नव्हते.

तेव्हा प्रश्न असा की, तेथील धन्याने तुलना करावयाची ती कोणाची कोणाशी? एका मालकाच्या दोन पाट्यांची एकमेकींशी? या समूहांपैकी एक मार्स या अमेरिकन कंपनीच्या मालकीचा आहे. चॉकलेट विकणारी हीच कंपनी पेडिग्री आणि रॉयल कॅनिन ही जनावरांची खाद्येही विकते. खाद्यही तिचे आणि दवाखानाही तिचा. आपल्या शहरांतील दुकानांत पेडिग्रीची पिशवी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट दूरदेशीची वाटू नये.

एवढे निदान करून प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तात्पुरता निर्णय मांडला. दरपत्रक प्रसिद्ध करावे, मालकी उघड करावी, औषधचिठ्ठीच्या शुल्कावर १६ पौंडांची मर्यादा असावी, आणि लोकांना दवाखान्यांची तुलना करता यावी, असे त्याचे त्या वेळचे प्रस्ताव होते. यांतील प्रत्येक गोष्ट इष्टच आहे. तिला विरोध करणे हा करंटेपणा ठरेल. पण मालकी जेथल्या तेथे ठेवून केवळ माहिती वाटल्याने सत्ता हलत नाही. पाच दुकानांचे भाव फलकावर वाचता आले म्हणून सहावे, लोकांच्या मालकीचे दुकान उभे राहत नाही.

यावर कोणी म्हणेल की मोठे भांडवल आले म्हणून यंत्रे आली, शस्त्रक्रिया सुधारल्या. यंत्रे आली हे खरे. परंतु ती चालविणाऱ्यांच्या वाट्याला काय आले? २०२४ साली साउथ वेल्समधील एका समूहाच्या दवाखान्यांतील पशुवैद्य आणि परिचारिका वेतनवाढीसाठी संपावर गेल्या. बिल भरणारा कण्हतो आणि सुई टोचणाराही कण्हतो, तेव्हा मधला नफा कोठे जातो हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. म्हणून आपला रोख डॉक्टरांवर असता कामा नये. तेही आता पगारी नोकर होत चालले आहेत.

आपल्याकडे ही लाट अजून पूर्ण चढलेली नाही, म्हणूनच आज बोलण्याची वेळ आहे. ब्रिटनचा १९६६ चा कायदा डॉक्टरांवर बंधन घालतो, दवाखान्याच्या मालक कंपनीवर नाही. आपला १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदाही मुख्यतः व्यक्तीच्या नोंदणीचाच आहे. माणसांच्या खासगी रुग्णालयांनी दर लावावेत असे महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनी ठरविले. ते अमलात यावेत म्हणून जनआरोग्य चळवळीला अजून झगडावे लागते. जनावरांच्या खासगी दवाखान्यांसाठी तेवढाही नियम नाही.

आणि सार्वजनिक बाजू? परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्याच आवारात धर्मादाय रुग्णालय आहे. म्हणजे परंपरेची वाण नाही. गावोगावचे गुरांचे दवाखाने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी उभे राहिले आणि ते योग्यच होते. पण शहरे फुगली आणि शहरातील वस्त्यांसाठी तसे दवाखाने त्या प्रमाणात वाढले नाहीत. ती पोकळी बाजाराने भरली.

या पोकळीची किंमत केवळ कुत्र्याचा धनी मोजत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि माणसाला तो रोग बहुतेक वेळा कुत्र्यापासून होतो. लशीचे पैसे नाहीत म्हणून वस्तीतील कुत्रे लशीविना राहिले, तर चावा अंगणात खेळणाऱ्या मुलाला बसतो. शेजारच्या गोव्यात सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून वर्षानुवर्षे घरोघरी आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचली, आणि माणसांचे रेबीजचे मृत्यू जवळजवळ थांबले. तेथे कोणी दवाखान्यांची तुलना करीत बसले नाही. लस दारात आली, एवढेच.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक खासगी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दारावर दरपत्रक आणि खऱ्या मालकाचे नाव मराठीत लागले पाहिजे. औषध कोठूनही घेता यावे म्हणून चिठ्ठी मागताच मिळाली पाहिजे. नोंदणी डॉक्टरप्रमाणे मालक कंपनीचीही झाली पाहिजे. आणि प्रत्येक नगरपालिकेने निदान एक दवाखाना असा चालविला पाहिजे की जेथे लस फुकट असेल आणि उपचार परवडतील. पहिल्या तीन मागण्यांनी तुलना शक्य होईल. चौथीने तुलनेला अर्थ येईल. कारण सार्वजनिक दवाखाना शेजारी उभा असतो तेव्हाच खासगी दवाखान्याच्या दराला लगाम बसतो.

येत्या पालिका सभेत आपल्या नगरसेवकांनी हा एक प्रश्न विचारावा : आपल्या शहरात लोकांच्या मालकीचा जनावरांचा दवाखाना कोठे आहे, आणि तो रात्री उघडा असतो काय? मुकी जनावरे मोर्चा काढू शकत नाहीत. त्यांच्या धन्यांना काढता येतो, आणि त्या मोर्चात आपण असले पाहिजे.