उदासी आणि उधाण

चतुर्थीला माटोळी बांधावयास दरवर्षी ज्याचा हात सर्वांआधी पुढे होई, तो घरचा कर्ता पुरुष यंदा बाल्कांवातून उठलाच नाही. आरतीला उभा राहिला तो केवळ लोकलज्जेस्तव. नेवरीचा तुकडा मोडला आणि तसाच पानात ठेवला. घरच्यांनी ‘दमला असेल’ म्हणून वेळ मारून नेली, शेजाऱ्यांनी ‘टेन्शन असेल’ असे निदान केले, एका वडीलधाऱ्या आप्ताने देवळात कौल लावण्याचा सल्ला दिला. सण सरला, पाहुणे गेले, माणूस मात्र तेथेच बसून राहिला. हे चित्र काल्पनिक आहे. परंतु ज्यास ते अनोळखी वाटेल असा वाडा गोमंतकात क्वचितच सापडेल.

‘टेन्शन’ हा शब्द आमच्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याच्या आड एक खराखुरा आजार सुखेनैव लपून राहतो. उदासी कोणास चुकली आहे? नुकसान झाले, जिवाभावाचे माणूस गेले, की मन खचते आणि हळूहळू सावरते. परंतु दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहिले किंवा कशातच गोडी वाटेनाशी झाली, जोडीला झोप उडाली अथवा अतोनात वाढली, अन्नावरची वासना गेली, उगाच अपराधी वाटू लागले, तर वैद्यकशास्त्र त्यास नैराश्याचा विकार म्हणते. आमच्याकडे, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, हे दुःख मनाच्या भाषेत बोलतच नाही. कंबर धरली, डोके ठणकते, अंगात त्राण नाही, अशा तक्रारी घेऊन त्या डॉक्टरकडे जातात आणि शक्तीच्या गोळ्या घेऊन परततात. रक्तक्षय वा थायरॉइडचा दोष नाही ना, हे तपासून घेणे योग्यच. पण तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे बाईस काही झालेलेच नाही, हा निष्कर्ष सोयीचा असला तरी खरा नव्हे.

हे झाले ओहोटीचे. उधाणाकडे तर आजार म्हणून कोणी पाहतच नाही. एरवी मितभाषी असलेला तरुण एकाएकी रात्र रात्र जागतो आणि दोन-तीन तासांच्या झोपेवर ताजातवाना दिसतो. त्याचे बोलणे थांबत नाही. किनाऱ्यावर हॉटेल काढण्याच्या योजना आखतो, कर्ज काढून गाडी आणतो, अडविले तर अंगावर येतो. पहिले काही दिवस घरात कौतुकच होते, पोरगा मार्गाला लागला म्हणून! आठवडाभर वा अधिक टिकणारी ही स्थिती उन्मादाची असू शकते, आणि ज्याला असा उन्माद येऊन जातो त्याच्या वाट्याला बहुधा कधीतरी नैराश्यही येते. यास द्विध्रुवी विकार म्हणतात. डॉक्टरांपुढे रुग्ण बसतो तो बहुधा ओहोटीच्या वेळी. उधाणाची हकीकत कोणी सांगत नाही. केवळ नैराश्यावरचे औषध अशा रुग्णास दिले गेल्यास तेच औषध त्यास उन्मादात ढकलू शकते. म्हणून ही हकीकत दडविणे धोक्याचे. उन्मादावर लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी 1949 साली दाखवून दिला, आणि ते औषध आजही वापरात आहे. मात्र रक्ताची वेळोवेळी तपासणी करूनच.

ओळखण्याची खूण काय, असे वाचक विचारतील. शेजाऱ्याशी तुलना करू नये; माणसाला त्याच्याच पूर्वीच्या वागण्याच्या मापाने मोजावे. हे माप घरच्यांखेरीज कोणापाशी असते?

पूर्वी पणजीच्या आल्तिनोवर असलेले मनोरुग्णालय बांबोळीस गेले त्याला बरीच वर्षे झाली. पण त्या दारात आपण कोणास दिसू नये ही धास्ती आमच्या मनातून हललेली नाही. मुलीचे लग्न मोडेल, लोक काय म्हणतील! कौल लावू नये असे आम्ही म्हणणार नाही. देवाला गाऱ्हाणे जरूर घालावे, पण डॉक्टरकडे जाण्याचा दिवस त्यासाठी पुढे ढकलू नये.

आणि प्रत्येकाला बांबोळीच गाठावी लागते असेही नाही. गोव्यातीलच प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने केलेल्या प्रयोगात, डॉक्टर वा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सावरण्यास मदत केली. नेहमीच्या उपचारांहून त्यांचा गुण अधिक आला, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले त्यास आता अनेक वर्षे लोटली. ज्या भूमीत हे सिद्ध झाले, तेथे पेडण्यापासून काणकोणपर्यंत एकही आरोग्य केंद्र अशा समुपदेशकाविना असता कामा नये. पुलांवर आणि रस्त्यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या आमच्या आमदारांनी विधानसभेत यासाठी थोडा वेळ काढावा.

औषधाचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यातच ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळ्या फेकणे, किंवा जरा बरे वाटताच त्या परस्पर बंद करणे, या दोन्ही चुका घरोघरी होतात. जगणे नकोसे झाल्याचे कोणी सूचित केले तर विषय टाळू नये, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. अशा माणसास एकटे ठेवू नये. 2022 साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. आणि डॉक्टरांच्या पहिल्या भेटीस रुग्णाबरोबर घरचे कोणीतरी जावे, कारण मागील वर्षीच्या त्या जागरणांची आणि कर्जाने आणलेल्या गाडीची गोष्ट तो स्वतः बहुधा सांगणार नाही.