इसार दिल्यापासून फेरफार होईपर्यंत : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. चंद्रशेखर बावनकुळे,
महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य



मी वरणगावला वकिली करतो. कोर्टकचेरीपेक्षा माझे जास्त काम जमिनीच्या कागदांचे : सर्च रिपोर्ट, इसार पावती, साठेखत, खरेदीखत, हक्कसोड. आमच्याकडे कापसाचा पैसा हातात आला की आखाजीच्या आसपास सौदे सुरू होतात. कुणाला पोरीचे लग्न काढायचे असते, कुणाला बँकेचा बोजा उतरवायचा असतो, तर ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एखाद्याला फंडाच्या पैशातून दोन एकर घ्यायचे असतात. आयुष्यभराची कमाई टेबलावर ठेवताना यातला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "वकीलसाहेब, काही धोका नाही ना?"

आज कायद्याने मला याचे छातीठोक उत्तर देता येत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या खात्याने जे केले ते मी रोज वापरतो आणि त्याची किंमत जाणतो. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, आता तो पंधरा रुपयांत मिळतो. भुसावळच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला की माहिती संगणकातूनच ई-फेरफारला जाते आणि गावात नोंद धरली जाते. महसूल संहितेचे कलम 149 सांगते की नोंदणीकृत दस्ताने जमीन घेणाऱ्याला तलाठ्याकडे वेगळी वर्दी द्यायची गरजच नाही. खबर पाठवण्याचे काम कलम 154 ने निबंधकावर टाकले आहे. ही गोष्ट अजून अर्ध्या गावाला माहीत नाही आणि त्या अज्ञानावर मधल्या माणसांचे घर चालते. पुढे नमुना 9 ची नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. ती नोटीस 'आपली चावडी'वर कुणालाही बघता येते. नव्या सातबाऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक असतो आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही तेही छापलेले असते.

पण ही सगळी व्यवस्था दस्त नोंदल्यानंतर जागी होते. माणूस बुडतो तो त्याच्या आधी.

इसार देण्याच्या दिवशी काय काय होते ते सांगतो. मी सकाळचा ताजा सातबारा काढतो. इतर हक्कात बोजा नाही, प्रलंबित फेरफार नाही. तीस वर्षांचा सर्च झालेला असतो, पेपरात जाहीर नोटीसही देऊन झालेली असते. घेणारा पाच लाख इसार देतो आणि स्टॅम्पपेपरवर पावती होते. बँकेचे कर्ज मंजूर व्हायला आणि मोजणीची तारीख मिळायला दोन-तीन महिने जातात. त्या काळात या माणसाच्या नावाची सातबाऱ्यावर रेघसुद्धा नसते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 54 म्हणते की नुसत्या करारामुळे जमिनीत हक्क निर्माण होत नाही. ताब्यासह साठेखत नोंदवावे तर खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क आधीच भरावे लागते, म्हणून लोक पावतीवरच थांबतात. आणि विकणाऱ्याची नियत फिरली तर तोच स्वच्छ सातबारा घेऊन तो दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे बसू शकतो.

दुसरा धोका याहून खोल आहे. नोंदणी कायदा 1908 चा. त्याचे कलम 23 सही झालेला दस्त हजर करायला चार महिने देते, आणि पुढे दंड भरून आणखी चार महिन्यांपर्यंत सवलत मिळते. कलम 47 सांगते की दस्त नोंदला गेला की तो नोंदणीच्या तारखेपासून लागू होत नाही, सही झाल्याच्या तारखेपासून होतो. समजा, एकाने फेब्रुवारीत खरेदीखतावर सही घेतली आणि कागद घरी ठेवला. मार्चमध्ये त्याच गटाचे खरेदीखत दुसऱ्याने करून घेतले, त्याच दिवशी नोंदवले, त्याच्या नावाचा फेरफारही मंजूर झाला. मे महिन्यात पहिला आपला कागद घेऊन येतो, विकणारा कबुलीजबाब देतो, दस्त नोंदला जातो. कायद्याने पहिला वरचढ. दुसऱ्याने सातबारा पाहिला होता, सर्च केला होता, नोटीस दिली होती. त्याच्याकडून काहीच राहिले नव्हते, तरी त्याच्या हाती दावा तेवढा उरतो. हातातला सातबारा महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे खरा मानला जातो, पण विरुद्ध शाबीत होईपर्यंतच.

बहुतेक खरेदीखतांची सही आता नोंदणीच्याच दिवशी होते, हे मान्य. तरी ज्या कायद्यात घरच्या कपाटातला कागद आठ महिन्यांपर्यंत अदृश्य राहू शकतो, त्यावर कितीही चांगले पोर्टल उभे केले तरी घेणाऱ्याला पूर्ण चित्र दिसणार नाही.

मा. महोदय, यावर उपाय आहे आणि तो फार महागडाही नाही. इंग्लंडमध्ये खरेदीदार पैसे देण्याआधी भूनोंदणी कार्यालयाकडे अधिकृत शोधाचा अर्ज करतो आणि त्याला कामाचे तीस दिवस अग्रक्रम मिळतो. त्या मुदतीत त्याचा दस्त आला, तर मध्ये घुसलेला दुसरा कागद त्याच्यामागे जातो. 1858 साली साउथ ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणलेल्या पद्धतीत सरकारी नोंद हीच मालकी धरली जाते. तिथे आता दस्त इलेक्ट्रॉनिक रीतीने दाखल होतात, आणि सौदा पुरा होईपर्यंत जागा धरून ठेवणारी नोटीस आधीच लावता येते.

मी लगेच टॉरेन्स मागत नाही. आंध्र प्रदेशाने भूस्वामित्व कायदा 31 ऑक्टोबर 2023 पासून लागू केला आणि 2024 मध्ये तो रद्द करावा लागला, कारण वाद दिवाणी कोर्टाबाहेर गेले तर आपली जमीन अधिकाऱ्याच्या एका नोंदीवर जाईल, असे लोकांना वाटले. आमच्या शिवारातही एकाच गटात चार भावांचे हिस्से तोंडी वाटपाचे आहेत आणि बहिणींची नावे कित्येक उताऱ्यांवर अजून चढलेली नाहीत. 2025 च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लागू लागली, हे फार मोठे काम झाले. ते पूर्ण होण्याआधी निर्णायक मालकीचा शिक्का मारला, तर ज्यांचे नाव आज नाही त्यांचा हक्क कायमचा जाईल. त्यात बायका सर्वांत जास्त असतील.

मी मागतो ती एकच नोटीस. तिला अग्रहक्क नोटीस म्हणा. सौदा ठरला की घेणारा आणि देणारा दोघांनी मिळून ती ऑनलाइन दाखल करायची, दोघांची ओळख पटवून, थोडक्या फीमध्ये. ती त्याच क्षणी सातबाऱ्याच्या इतर हक्कात दिसावी. मुदत साठ दिवस. त्या मुदतीत त्या गटाचा दुसरा दस्त आला तर निबंधकाच्या पडद्यावर इशारा यावा आणि तो दस्त नोटिशीच्या अधीन धरला जावा. नोटीस लागण्याआधी सही झालेला पण न नोंदलेला कागदही तिच्यामागे जाईल, असे कलम 47 ला जोडून स्पष्ट लिहावे. साठ दिवस संपले की नोटीस आपोआप गळून पडावी, तिला मुदतवाढ नको.

मुदतवाढ नको, याला कारण आहे. खान्देशात सावकाराने कर्जाच्या बदल्यात खरेदीखत करून घेण्याची रीत जुनी आहे. 2014 च्या सावकारी कायद्याच्या कलम 18 ने अशा जमिनी परत मिळण्याची वाट केली, ती उगीच नाही. अग्रहक्क नोटीस वर्षानुवर्षे लावून ठेवता आली तर ती त्याच सावकाराच्या हातातले हत्यार होईल. म्हणून देणाऱ्याची हजेरी प्रत्यक्ष घ्या आणि त्याला नोटीस मराठीत वाचून दाखवा.

अशी नोटीस नवीन काही नाही, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. नोंदणी कायद्यात महाराष्ट्राने कलम 89ब घातले. 2013 पासून बँकेकडे हक्काचे कागद ठेवून कर्ज घेतले, की तीस दिवसांत त्याची नोटीस निबंधकाकडे दाखल करावी लागते आणि ती ऑनलाइनही करता येते. बँकेचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून ही सोय झाली, ते योग्यच झाले. निवृत्त कामगाराच्या फंडाला तेवढेच संरक्षण द्या.

मात्र हे परिपत्रकाने करू नका. 12 जुलै 2021 च्या परिपत्रकाने गुंठ्यांच्या दस्तांवर बंधने आली, पण मे 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले आणि त्यासोबत नोंदणी नियम 44(1)(i) सुद्धा. मधल्या काळात अडकलेल्या लोकांचे हाल मी पाहिले आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये समीउल्ला विरुद्ध बिहार सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बिहारचे नियम रद्द केले, कारण आधी दाखल-खारीजचा, म्हणजे फेरफाराचा, पुरावा आणा मगच नोंदणी, ही अट मूळ कायद्यात नव्हती. नोंदणी दस्ताची होते, मालकीची नव्हे, हे न्यायालयाने पुन्हा सांगितले. नोंदणी हा विषय समवर्ती सूचीत आहे. विधिमंडळात दुरुस्ती आणता येईल आणि राष्ट्रपतींची संमती घेता येईल. मे 2025 मध्ये केंद्राच्या भूसंसाधन विभागाने 1908 च्या कायद्याच्या जागी नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात दस्त ऑनलाइन हजर करण्याची तरतूद आहे आणि करारनामाही सक्तीने नोंदवायच्या यादीत आहे. महाराष्ट्राने दोन गोष्टी केंद्राला लेखी कळवाव्यात : दस्त हजर करण्याची मुदत चार महिन्यांवरून पंधरा दिवसांवर आणा, आणि अग्रहक्क नोटीस त्याच कायद्यात घाला.

सुरुवात भुसावळ तालुक्यापासून करायची असेल तर आम्ही तयार आहोत. चिखली ते तरसोद महामार्गाच्या चौपदरीकरणानंतर इथल्या रस्त्यालगतच्या जमिनींना भाव चढला आहे आणि एकाच गटाला दोन-दोन गिऱ्हाइके उभी राहतात. नोटिशीचा नमुना कसा असावा याचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. एका पानाचा आहे, खातेदाराला न विचारता वाचता येईल अशा भाषेत. आपल्या कार्यालयाने पत्ता कळवावा, दुसऱ्या दिवशी पाठवतो.

आपला,
एक वकील
वरणगाव, ता. भुसावळ, जि. जळगाव