दात काढा, मोकळे व्हा!

गरीब माणसाची दाढ दुखू लागली की तिचा पुढचा प्रवास ठरलेला असतो. प्रथम लवंग, मग मशेरी, मग दुकानातली दुखण्यावरची गोळी. आणि सगळे उपाय थकले की सरकारी दवाखान्यात जाऊन दाढ काढून टाकणे! कीड लहान असताना जी दाढ थोडक्या वेळात भरता आली असती, ती कायमची जाते. मग शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात लांबतो, घास एकाच बाजूने चावावा लागतो. पन्नाशीतच ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपण त्याला म्हातारपण समजतो. माझ्या मते तो दारिद्र्याचा परिणाम आहे.

'या लोकांना दातांची किंमतच नाही' असे काही सुशिक्षित म्हणतात. मला हे पटत नाही. दाढेच्या मुळावर उपचार करायचे तर बहुधा दोन-तीन खेपा पडतात. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे वेगळेच. दाढ काढायला एकच दिवस पुरतो. मोलमजुरी करणारी बाई हा हिशेब चुकीचा करते, असे कोण म्हणेल? शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य सहसा नसतोच. त्यासाठी तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे रुग्णालय गाठावे लागते. सरकारी आरोग्य योजनांचा भरही मुख्यत्वे इस्पितळात दाखल होण्याजोग्या आजारांवर. मोडलेला जबडा तिथे बसतो, किडलेली दाढ बसत नाही!

बरे, देशात दंतवैद्यांचा दुष्काळ आहे म्हणावे, तर तसेही नाही. ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत. त्यांतली बहुसंख्य खाजगी. तिथून बाहेर पडणारा तरुण शहरातच पाटी लावतो. त्याला तरी दोष कसा द्यावा?

आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एकदा दंततपासणी झाली. बायाबापड्या उन्हात रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हाती चिठ्ठी पडली : दाढ किडली आहे, उपचार घ्यावेत. कुठे घ्यावेत, ते चिठ्ठीत नव्हते. ज्या दुखण्यावर त्या मशेरी लावतात, त्या मशेरीचे व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती वाढते. तोंडातला पांढरा चट्टा वेळीच दिसावा, म्हणून तरी दंतवैद्य गावात फिरकायला हवा.

विजेवाचून, यंत्रावाचून दात भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. हातातल्या साध्या अवजारांनी कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचे. मोठ्या पोकळीला ती पुरत नाही, मूळ सडले असेल तर मुळीच नाही. पण शाळकरी मुलांच्या लहान किडीला उत्तम. हे सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

तेव्हा निदान बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्रात दंतवैद्य बसावा, कारण त्या दिवशी माणसे तशीही गावात येतात. शहरातल्या दंत महाविद्यालयांनी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडा ठेवावा, म्हणजे मजुरी बुडणार नाही. आणि आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे, तर पुढच्या शिबिराला दंतवैद्य बोलवाल तेव्हा चिठ्ठ्यांचे गठ्ठे कमी आणि सिमेंट जास्त आणायला सांगा. कार्यक्रमाधिकारी सरांकडे तसा अर्ज मी दिला आहे. त्यावर सह्या हव्या आहेत.