काचेखालचा दिवा

2018 साली राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे 20 अंतर्गत गुण काढून घेतले आणि निकाल धाडकन 77.10 वर आला. एका उन्हाळ्यात एवढी पोरं मठ्ठ झाली? मग ओरड झाली, समिती बसली, 20 गुण परत आले. 2020 चा निकाल 95.30! 2021 ला तर परीक्षाच झाली नाही, तरी 99.95 टक्के उत्तीर्ण. शहाण्याला आणखी पुरावा कशाला हवा?

हीच पोरं पुढे इंजिनिअरिंगला येतात आणि तिथेही तोच प्रसाद: इंटर्नल, टर्मवर्क, ओरल. सबमिशनच्या आदल्या रात्री लोणावळ्या-तळेगावातल्या पोरांच्या खोल्यांवर चक्कर मारा. दोन स्टुलांवर काच आडवी, खाली बल्ब, वर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर कोरी शीट. पेन्सिल फिरते, डोकं झोपलेलं. याला पोरं 'जीटी मारणं' म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. मित्राची चुकलेली रेघही इमानेइतबारे उतरते. सकाळी सर सही ठोकतात. सरांना कळत नाही? चांगलं कळतं! पण गुण कापले की निकाल पडतो, निकाल पडला की प्रवेश रोडावतात, आणि प्रवेश रोडावले की पहिली गदा कंत्राटी सरांवर. आपलं मूल्यमापनशास्त्र ते एवढंच. बाकीच्या फायली कॉलेजांना दर्जा देणाऱ्या 'नॅक'साठी.

आणि हे चाललंय कुठे, तर मावळात! लोकांकडून एकेक पैसा गोळा करून 1908 साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काच करायला शिकवत. तिथले शिकलेले हात पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. भट्टीपुढे इंटर्नल नसतं. भांडं तडकलं की तडकलं, त्याला कोण ग्रेस देणार? त्याच तळेगावच्या परिसरात आज काच लागते ती नक्कल मारायला. याची लाज वाटायला हवी, आणि ती पोरांना नव्हे, वर्गात न शिकवता गुण वाटणाऱ्यांना.

पालकहो, प्रवेश घ्यायला गेलात की निकालाची टक्केवारी विचारू नका. शेवटच्या वर्षाचा एक पोरगा बोलावून घ्या, त्याच्या जर्नलचं कुठलंही पान उघडा आणि म्हणा, हा प्रयोग आमच्यासमोर करून दाखव. जमला नाही, तर फीचा चेक खिशातच ठेवा.