करवतीने अचूकता येत नाही : जुनी ‘थ्री-नॉट-थ्री’ आणि हरणाची शिकार

१/
महाराष्ट्रात ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हटले की पोलीस आठवतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती हीच ली-एनफील्ड होती, आणि तेव्हापासून ती जुनाटपणाचे प्रतीक ठरली. कॅनडात तिची ओळख अगदी निराळी आहे : आजोबांची हरीण मारायची बंदूक. हा धागा त्या दुसऱ्या ओळखीविषयी आणि तिच्यापायी झालेल्या मोठ्या नासधुशीविषयी.

२/
दुसरे महायुद्ध संपले तेव्हा राष्ट्रकुलाच्या शस्त्रागारांत या रायफलींचे ढीग उरले होते. टोरंटोजवळच्या एकट्या लाँग ब्रँच कारखान्याने ‘नंबर ४’ प्रकारच्या नऊ लाखांहून अधिक रायफली घडवल्या होत्या. सैन्ये स्वयंचलित शस्त्रांकडे वळली आणि हा साठा बाजारात आला. सॅम्युएल कमिंग्ज या व्यापाऱ्याने व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे अशा शिल्लक शस्त्रांनी गोदामेच्या गोदामे भरली. १९६८ च्या कायद्याने आयातीला आणि टपालविक्रीला आळा बसेपर्यंत अमेरिकेत जुनी लष्करी रायफल घरपोच मिळत असे, तीही नव्या शिकारी रायफलीच्या किमतीच्या अंशात.

३/
घरी आल्यावर पहिले काम करवतीचे. ली-एनफील्डची नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात झाकलेली असते. ते पुढचे लाकूड अर्ध्यावर कापायचे, वरचे काढून टाकायचे, कधी नळीही आखूड करायची, आणि दुर्बिणीसाठी पोलादात भोके पाडायची. या प्रकाराला ‘स्पोर्टरायझिंग’ म्हणत. हेतू दोन : वजन कमी करणे आणि नेम सुधारणे. वजन नक्कीच कमी झाले. नेमाचे मात्र बहुधा उलटे झाले.

४/
अचूकता हा येथे हौसेचा विषय नाही. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण हे चितळ-सांबराच्या कुळातले, दरवर्षी शिंगे गाळणारे जनावर. त्याचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जेमतेम एका जेवणाच्या ताटलीएवढी जागा. गोळी तेथे लागली तर मरण त्वरित. वीतभर मागे लागली तर पोट फाटलेले जनावर तासन् तास रानात फिरते आणि शिकाऱ्याच्या हातीही लागत नाही. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा प्रश्नच उरलेला नाही.) सुस्थितीतील लष्करी रायफल चांगल्या काडतुसांनिशी १०० यार्डांवर तीन-चार इंचांच्या वर्तुळात गोळ्या टाकते. दाट जंगलातल्या हरणासाठी तेवढे पुरेसे आहे. मग जुन्या रायफली एवढ्या बदनाम का झाल्या?

५/
पहिले उत्तर लाकडात आहे. गोळी सुटताना नळी छडीसारखी थरथरते, आणि ली-एनफील्डची नळी बारीक असल्याने जास्तच. नळीचे तोंड त्या थरथरीत कोठे असताना गोळी बाहेर पडते, यावर नेम अवलंबून. दर वेळी ते एकाच जागी हवे. यासाठी ‘नंबर ४’ मध्ये पुढच्या लाकडाचे टोक नळीला खालून सुमारे दोन ते सात पौंडांच्या दाबाने उचलून धरते. आधीच्या ‘एसएमएलई’ मध्ये हेच काम स्प्रिंग बसवलेली छोटी खुंटी आणि नळीभोवतीचे आतले कडे करतात. मागे, जेथे लाकूड यंत्रणेला भिडते, तेथे दोन खांदे असतात. रायफलीचा मागे येणारा धक्का तेच झेलतात. पन्नास वर्षे वाळलेले लाकूड आकसते, खांदे झिजतात, धक्का एका बाजूला जास्त बसू लागतो आणि गोळ्या विखुरतात.

म्हणजे दुखणे लाकडाच्या बसणीत होते. उपाय कारागिराचा : झिजलेल्या खांद्यांवर कठीण लाकडाची पातळ चकती बसवणे, टोकाचा दाब पुन्हा आणणे, स्क्रू क्रमाने घट्ट करणे. करवतीने काय केले? दाब देणारे टोकच कापून फेकले. सरावलेल्या बंदूक-कारागिराने नळी मोकळी ठेवून मागची बसण नव्याने साधली तर तशीही अचूकता येते, हे मान्य. पण गॅरेजमध्ये करवत धरणाऱ्यांपैकी कितीजण तेवढे करत होते?

६/
सैन्याला अचूक रायफल हवी होती तेव्हा सैन्याने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. चाचणीत उत्तम गोळ्या टाकणाऱ्या ‘नंबर ४’ रायफली निवडून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या प्रसिद्ध बंदूक-निर्मात्यांकडे धाडल्या जात. त्यांनी अशा २६ हजारांहून अधिक रायफलींवर दुर्बीण चढवली, गाल टेकायला दस्त्यावर लाकडी उंचवटा बसवला आणि लाकडाची बसण नीट तपासून दिली. हीच ती ‘नंबर ४ (टी)’, दुसऱ्या महायुद्धातील नावाजलेली स्नायपर रायफल. तिचे पुढचे लाकूड कोणी कापले नाही.

७/
दुसरे उत्तर नळीच्या तोंडाशी. जुन्या ब्रिटिश काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. स्फोटानंतर त्यातून उरणारा क्षार साध्या मिठासारखाच हवेतले पाणी ओढतो, आणि नळी आतून गंजते. तेल लावून हा क्षार जात नाही, तो पाण्यातच विरघळतो. म्हणून सैनिक नळीत उकळते पाणी ओतत. शिवाय नळी साफ करण्याची दोरी वर्षानुवर्षे एकाच कडेला घासली की तोंडाशी खाच पडते आणि बाहेर पडणारी गोळी किंचित कलंडते. तोंडाची कडा कारागिराकडून नव्याने सरळ करून घेणे हे तासाभराचे काम. एवढ्यावरही पुष्कळ रायफली सुधारतात. पण बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या रायफलीचे तोंड तपासतो कोण!

८/
तिसरे उत्तर काडतुसात, आणि येथे पुण्याचा संबंध येतो. स्वस्त लष्करी काडतुसांत ‘केएफ’ अशी तळखूण असलेली भारतीय .३०३ काडतुसेही अमेरिकेत पोहोचली. ही खूण खडकीची. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ चा. दशके साठवणीत काढलेली कोणत्याही देशाची काडतुसे एकसारखी जळत नाहीत. एक गोळी वेगात, दुसरी सुस्त. त्या विखुरण्याचा दोष रायफलीच्या माथी मारला गेला.

नळीचे मापही फसवे आहे. ०.३०३ इंच हा खाचांमधल्या उंचवट्यांवरून मोजलेला व्यास. खाचांच्या तळाशी मोजले तर युद्धकाळातल्या नळ्या ०.३११ पासून ०.३१६ इंचांपर्यंत भरतात. सैल नळीत बारीक गोळी नीट पकडली जात नाही. सपाट तळाची, योग्य जाडीची गोळी घेतली तर थकलेली वाटणारी नळीही जागी होते.

९/
गोळीच्या प्रकाराचा इतिहास याहून विलक्षण. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम येथे मऊ टोकाची .३०३ गोळी तयार झाली. शरीरात शिरताच ती पसरते. १८९९ च्या हेग घोषणेने अशा गोळीला युद्धात मनाई केली. शिकारीत नियम नेमका उलटा : अमेरिकेत आणि कॅनडात अनेक ठिकाणी हरणासाठी पसरणारी गोळीच सक्तीची आहे, कारण पूर्ण आवरणाची लष्करी गोळी आरपार जाऊन जनावर जखमी ठेवू शकते. सैनिकासाठी जी क्रूर ठरली, ती हरणासाठी दया ठरली.

रायफलीचा नेम मात्र १७४ ग्रेन वजनाच्या, सेकंदाला २४४० फूट वेगाच्या लष्करी ‘मार्क सात’ गोळीसाठी जुळवलेला असतो. शिकारी गोळी घातली की ती वेगळ्या जागी लागणारच.

१०/
चौथे कारण सर्वांत साधे. ‘नंबर ४’ च्या मोजपट्टीवरचे सर्वांत जवळचे अंतर २०० यार्ड. जंगलात हरीण ७० यार्डांवर उभे असते, आणि गोळी काही इंच वर जाते. शिकारी वैतागतो, रायफल कपाटात जाते, नाहीतर करवतीखाली. वास्तविक नळीच्या टोकावरची नेमाची माशी वेगवेगळ्या उंचीत मिळते. उंच माशी बसवली की गोळी खाली येते. तीच माशी डावी-उजवीकडे सरकवताही येते. ज्यांची नजर मंदावली आहे त्यांच्यासाठी भोक न पाडता बसणारे दुर्बिणीचे कडेही मिळते. हे सारे उद्या काढून टाकता येते आणि रायफल पुन्हा १९४३ ची होते.

(एक काम मात्र नेमाच्याही आधीचे : बोल्ट आणि काडतूस यांमधले अंतर जाणकाराकडून मोजून घेणे. ‘नंबर ४’ च्या बोल्टची डोकी वेगवेगळ्या लांबीची असतात. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट चढवून गोळी झाडणे हा जिवाशी खेळ आहे.)

११/
कापणाऱ्यांची बाजूही आहे. १९५५ मध्ये ही रायफल वारसा नव्हती, भंगाराच्या भावातले लोखंड होते. शेतकऱ्याला हिवाळ्याचे मांस हवे होते, संग्रहालय नको होते. त्याने कापलेली रायफल ही त्याच्या घराच्या इतिहासाचा भाग आहे आणि आज तिला मूळ रूपात आणण्याचा अट्टहासही तितकासा शहाणपणाचा नाही. त्याला दोष देता येत नाही.

आज कापणाऱ्याला देता येतो. शिल्लक साठे आटले आहेत, अखंड रायफल दुर्मीळ झाली आहे, आणि नवी शिकारी रायफल स्वस्तात, दुर्बिणीसह मिळते. हलकी व आधुनिक रायफल हवी असेल त्याने ती घ्यावी. जुन्या लाकडावरचे कारखान्यांचे शिक्के, दुरुस्तीच्या खुणा आणि ईशापूरमध्ये लाकूड फाटू नये म्हणून आडवा घातलेला स्क्रू यांतून त्या शस्त्राचा प्रवास वाचता येतो. करवतीखाली ती पानेही जातात.

१२/
कॅनडाच्या उत्तरेकडे १९४७ मध्ये ‘कॅनेडियन रेंजर्स’ हे दल उभे राहिले. त्यातील बरेचसे सैनिक आर्क्टिकमधले स्थानिक रहिवासी. त्यांच्या हाती दिलेली ‘नंबर ४’ सात दशके तिथेच राहिली. बर्फावरून ओढत नेलेली, अस्वलापासून रक्षणासाठी भरून ठेवलेली, घरच्या अन्नासाठी शिकारीलाही वापरलेली. लोखंडी माशीवर, पूर्ण लाकडात. २०१० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या जागी नवी सी-१९ आली. जुनी काढण्याचे कारण चुकणारा नेम हे नव्हते. सुटे भाग मिळेनासे झाले होते.