तालुका 'सुरक्षित', विहीर कोरडी



कोरडवाहू तालुक्यातल्या कचेरीत जाऊन भूजलाचा तक्ता बघा. बहुतेक ठिकाणी आपल्या तालुक्यापुढे 'सुरक्षित' असे लिहिलेले सापडेल. गावात मात्र संक्रांतीनंतर मोटार हवा ओढायला लागते. मग खोटे कोण बोलते, तक्ता की विहीर?

खोटे कोणीच बोलत नाही. तक्त्यातल्या शब्दाचा अर्थ आपल्याला कोणी सांगितलेला नाही, एवढेच. वर्षभरात जमिनीत जितके पाणी मुरते त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर तालुका 'सुरक्षित'. उपसा शंभरावर गेला की 'अतिशोषित'. हे नुसते प्रमाण आहे. पाणी किती आहे आणि कोणाच्या शेताखाली आहे, हे त्यातून कळत नाही. आणि आपल्याकडे उपसा कमी का? विहिरीला पाणीच लागत नाही म्हणून! ज्याच्या कणगीत दाणा नाही तो उधळपट्टी करत नाही, म्हणून त्याला सुखवस्तू ठरवायचे, असला हा न्याय आहे.

खरा हिशेब खडकाचा आहे. राज्याच्या सुमारे ८० टक्के भागाखाली दख्खनचा काळा कातळ आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. प्रत्येक थराच्या माथ्याला सच्छिद्र मांजऱ्या, पोटात घट्ट पाषाण आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या गेरूचा पट्टा. पाणी राहते ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. घट्ट पाषाणात ते नसते, मग नारळ हातावर उभा राहो की आडवा पडो.

आणि राहते तरी किती? असल्या मुरमाड, भेगाळ कातळात हाती येणारे पाणी सरकारी हिशेबच २ टक्के धरतो. म्हणजे एका एकराखाली पातळी एक मीटर उतरली तर मिळते सुमारे ८० हजार लिटर. बोंडे भरताना पऱ्हाटीला ५० मिलिमीटरचे एक पाणी द्यायचे तर एकरी दोन लाख लिटर हवे. त्या एका पाण्यापायी तेवढ्याच एकराखालची पातळी अडीच मीटर खाली जाणार. मुरूम दहा मीटर असला आणि चांगल्या पावसात तो काठोकाठ भरला तरी सगळ्या शिवाराला अशी पाणी मिळतील चार. त्यातलेही बरेचसे उपसा न करता नाल्यावाटे वाहून जाते. आपल्याला हे जाणवत नाही, कारण आपली विहीर शेजाऱ्याच्या धुऱ्याखालचेही ओढत असते.

मोजणी पाणलोटावर होते, तालुक्यावर नाही, असे साहेब लोक सांगतील. खरे आहे. राज्याचे दीड हजाराच्या वर पाणलोट पाडले आहेत. म्हणजे एकेकात पंचवीस-तीस गावे! एका गावातसुद्धा माथ्यावरची विहीर आणि नाल्याकाठची विहीर सारख्या नसतात.

अकोट, तेल्हाऱ्याचेच बघा. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड भराव, पाणी गोड, संत्र्याच्या बागा. तिथून दक्षिणेला पूर्णेकडे उतरलात की खारपाणपट्टा. तिथे पाणी आहे, पण ओलिताला दिले की काळी जमीन चोपण होते. तिथल्या शेतकऱ्याला विहिरीचे अनुदान दाखवणे म्हणजे चेष्टा आहे. त्याला शेततळे हवे. सरकारी हिशेबात खारे पाणी वेगळे धरतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण योजना ठरवताना तो वेगळा रकाना कोण वाचतो?

२०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार जाहीर झाले आणि नाले खोल करायची लाट आली. जिथे खाली मुरूम होता तिथे पाणी मुरले, ते नाकारण्याचे कारण नाही. जिथे चार फुटांवर पाषाण होता तिथे पोकलेनचे भाडे तेवढे मुरले.

आता आपल्या घरचे. विहीर आटली की आपण बोअरची गाडी बोलावतो. गाडीवाल्याचा भाव फुटावर असतो, पाण्यावर नसतो. दोनशे फूट, चारशे फूट, सावकाराचे पैसे धुरळा होऊन उडतात. राज्यात २०१४ पासून लागू असलेला भूजल कायदा ६० मीटरहून खोल विहिरीवर बंधन घालतो. गाडी रात्री येते, कायदा झोपलेला असतो. केसिंग नसलेले खोल बोअर वरच्या मुरमातले पाणीही खालच्या भेगांत सोडून देते. शेजारच्या भावाची विहीर अशीच मरते. 'शेतकरीच पाणी चोरतो' म्हणणाऱ्या शहाण्यांना आम्ही उत्तर देऊच, पण ही शर्यत आपण आपसात चालवली आहे, तीही थांबली पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. भूजल यंत्रणा योजनेतल्या विहिरीला पाणी उपलब्धतेचा दाखला देते. तो तालुक्याच्या शिक्क्यावर नको. गावाच्या नकाशावर माथा, मधला उतार आणि साठवणीची जागा दाखवून, खडकाचे थर लिहून ग्रामसभेत वाचला पाहिजे. आणि दाखला देऊनही विहीर अफल गेली तर तिचे कर्ज शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर राहता कामा नये. दाखला ज्याचा, जोखीम त्याची.

येत्या जिल्हा बैठकीत हा ठराव येईल. येताना प्रत्येक गावाने किमान दहा विहिरींची टाचणे आणावीत: विहीर किती परस, मुरूम कुठवर, पाषाण कुठे लागला, दिवाळीला पाणी किती हातांवर होते, होळीला किती, गोड की खारे. माथ्यावरच्या विहिरी सोडू नका, आणि ज्यांना पाणी लागलेच नाही त्या आधी लिहा.