आकाशातले गायरान : बोगोटा जाहीरनाम्याला हसण्यापूर्वी

१/ ३ डिसेंबर १९७६. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटा येथे, आठ देशांच्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा काढला. आमच्या भूमीच्या माथ्यावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, भूस्थिर कक्षेचा जो तुकडा येतो तो आमचा आहे, असा त्यांचा दावा होता. इतिहासाच्या गप्पांत हा प्रसंग आजही विनोद म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत धागा त्या हसण्याविरुद्ध आहे.

२/ ते देश असे : ब्राझील, कोलंबिया, काँगो, इक्वेडोर, इंडोनेशिया, केनिया, युगांडा आणि झैरे. विज्ञान न कळलेल्या राष्ट्रांनी आकाशावर कुंपण घालायला काढले, असे त्यांचे चित्र रंगवले जाते. ते चित्र खरे की खोटे हे ठरवण्यासाठी प्रथम कक्षा म्हणजे काय हे नीट पाहावे लागेल. तेवढा धीर धरावा.

३/ उपग्रह खाली का पडत नाही? ‘वर गुरुत्वाकर्षण नसते म्हणून’ हे उत्तर साफ चूक आहे. ४०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे नऊ दशांश असते. न्यूटनच्या मृत्यूनंतर, १७२८ साली, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका ग्रंथात उंच पर्वतावरच्या तोफेची कल्पना आहे. गोळ्याचा वेग जितका अधिक तितका तो दूर जाऊन पडेल. वेग पुरेसा असेल, तर गोळा जितका खाली येईल तितकीच पृथ्वीची गोलाईही खाली वळत जाईल. उपग्रह हा असा अखंड पडत राहणारा आणि जमिनीला कधीच न टेकणारा गोळा आहे.

४/ उंची वाढली की वेग घटतो आणि फेरी लांबते. केप्लरने १६१९ साली ग्रहांसाठी मांडलेला नियम इथेही लागू पडतो. ४०० किलोमीटरवर वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आणि एक फेरी सुमारे ९२ मिनिटांची. ३५,७८६ किलोमीटरवर वेग सुमारे ३.१ किलोमीटर आणि फेरी २३ तास ५६ मिनिटांची. पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला नेमका एवढाच वेळ लागतो. म्हणून या उंचीवरचा उपग्रह आपल्याबरोबर फिरतो.

५/ दुसरी अट अधिक कठोर आहे. कोणत्याही कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या केंद्रातूनच जावे लागते. पुण्याच्या माथ्यावर उपग्रह टांगून ठेवता येत नाही तो यामुळेच. तो तिथून दक्षिण गोलार्धात उतरेल आणि पुन्हा वर येईल. आकाशात अचल दिसायचे असेल तर विषुववृत्ताच्या वरच फिरावे लागते. महाराष्ट्रातल्या गच्च्यांवरच्या डिश दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या असतात, त्याचे कारणही हेच. उंची एक, प्रतल एक, म्हणून वर्तुळही एकच.

६/ या वर्तुळाचा परीघ सुमारे २,६५,००० किलोमीटर आहे. मग टंचाई कसली? टंचाई रेडिओलहरींची आहे. जवळजवळ बसलेले दोन उपग्रह एकाच वारंवारतेवर बोलू लागले, तर जमिनीवरच्या डिशला दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळून ऐकू येते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९७३ च्या करारात या कक्षेला ‘मर्यादित नैसर्गिक संपत्ती’ म्हटले गेले, म्हणजे बोगोटाच्या तीन वर्षे आधी.

७/ आपल्या लोकप्रिय इतिहासात मात्र ही टंचाई दिसत नाही. तिथे कथा आर्थर क्लार्कच्या १९४५ च्या लेखापासून सुरू होते (पोटोचनिकने १९२८ साली हीच कक्षा वर्णिली होती, हे बहुधा गाळले जाते) आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची दृश्ये उपग्रहाद्वारे अमेरिकेत पोचली की सुखान्त होतो. या कथेत एक प्रश्न कोणीच विचारत नाही : त्या एकुलत्या एका वर्तुळावरच्या जागा कोणत्या नियमाने वाटल्या गेल्या?

८/ १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्व सांगून, वापर करून वा ताबा घेऊन अवकाशावर मालकी मिळवता येत नाही. तत्त्व उदात्त आहे. परंतु जागा आणि वारंवारता यांची रीत वेगळी होती. जो आधी नोंदवील त्याला संरक्षण. मागून येणाऱ्याने त्याला अडथळा न आणता आपली सोय पाहावी. आपल्या भाषेत सांगायचे तर गायरान सर्वांचे, सातबाऱ्यावर कोणाचेच नाव नाही, पण ज्याची गुरे आधी पोचली त्याची वहिवाट पक्की. आणि त्या काळी गुरे होती कोणाकडे?

९/ या प्रश्नाशी आपला संबंध नाही असे समजू नये. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात ‘साइट’ प्रयोगातून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोचली. उपग्रह अमेरिकेचा होता, एटीएस-६. तो ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवला होता, म्हणजे केनियाच्या माथ्यावर. वर्षाची मुदत संपली आणि उपग्रह परत नेला गेला. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी बोगोटाचा जाहीरनामा आला आणि त्यात केनियाही होता.

१०/ आता जाहीरनाम्याची चूक. भूस्थिर कक्षा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे अस्तित्वात आहे, म्हणून ती बाह्य अवकाशाचा भागच नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो टिकत नाही. या न्यायाने चंद्रही कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढवावा लागेल, कारण त्यालाही पृथ्वीचीच ओढ धरून ठेवते. शिवाय तो उपग्रह कोणाच्या शेतावर उभा नसतो. तो सेकंदाला तीन किलोमीटर धावत असतो. इथे टीकाकारांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

११/ परंतु चुकीचा युक्तिवाद म्हणजे अडाणीपणा नव्हे. इंडोनेशियाने त्याच वर्षी, जुलै १९७६ मध्ये, ‘पालापा’ हा आपला उपग्रह भूस्थिर कक्षेत पाठवला होता. या देशांना विज्ञान कळत नव्हते हे म्हणणे म्हणूनच निराधार आहे. आपल्या अगोदर आलेल्यांची वहिवाट पक्की होत चालली आहे, हेही त्यांना कळत होते.

१२/ दुसरा आक्षेप स्वार्थाचा : गरीब देशांचे नाव घेऊन त्यांनी स्वतःचीच सोय पाहिली. हा आक्षेप अर्धा खरा आहे. विषुववृत्तावर नसलेल्या गरीब देशांना या दाव्यातून विशेष काही मिळत नव्हते. तथापि त्याच जाहीरनाम्यात खुल्या समुद्रावरील कक्षेचा भाग अखिल मानवजातीचा वारसा मानला होता, हे विनोद सांगणारे सांगत नाहीत. भारताचे उपग्रह जिथे असतात ती ७४ आणि ८३ अंश पूर्व ही स्थाने हिंदी महासागरावरच येतात.

१३/ दावा फेटाळला गेला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एरवी अनेक बाबतींत सहमत होत नसत. इथे दोघेही विरोधात होते. प्रश्न मात्र मेला नाही. विकसनशील देशांच्या दीर्घ दबावानंतर १९८५ आणि १९८८ च्या परिषदांत, काही वारंवारतापट्ट्यांपुरते का होईना, प्रत्येक देशासाठी किमान एक स्थान राखून ठेवण्याचे ठरले. याचे सारे श्रेय बोगोटाला देणे अतिशयोक्तीचे होईल. त्याला श्रेय अजिबात न देणे अन्यायाचे.

१४/ उलट, ‘सर्वांचे’ म्हणून मोकळ्या ठेवलेल्या गायरानाचे काय होते, हे टोंगाने दाखवले. या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने १९८८ पासून १६ स्थानांसाठी अर्ज केले, वाद झाला आणि अखेर ६ मिळाली. ती इतरांना भाड्याने देण्याचा व्यवसाय उभा राहिला. मालकी कोणाचीच नाही, भाडे मात्र सुरू!

१५/ आणि हा जुना इतिहास नव्हे. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह निम्न कक्षेत गेले. आज कार्यरत उपग्रहांपैकी निम्म्याहून अधिक त्या एकाच कंपनीचे आहेत. उंची बदलली आणि राष्ट्राच्या जागी कंपनी आली. आधी येणाऱ्याचा वरचष्मा मात्र तसाच आहे. उद्या ज्या देशांना आपले उपग्रह तिथे पाठवायचे आहेत, त्यांना आधीच्यांना सांभाळूनच वाट काढावी लागेल.

१६/ कोलंबियाच्या १९९१ च्या संविधानात, कलम १०१ मध्ये, भूस्थिर कक्षेचा तुकडा आजही देशाचा भाग म्हणून नोंदलेला आहे. त्या कलमाला कायद्याच्या जगात फारसे वजन नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते वाचून नुसते हसू नये. हरलेल्या पक्षाच्या कागदात उत्तर चुकलेले असले, तरी प्रश्न बरोबर असू शकतो. इथे तो होता : गायरानात पहिला हक्क आधी पोचणाऱ्याचा की गरजवंताचा?

माझ्या मांडणीत कुठे चूक आढळल्यास पुराव्यासह अवश्य सांगावे. धागा समाप्त.